शून्य मिळवून दाखवा

राज्याच्या एमबीए सीईटीत शून्य मार्क मिळवायचे असतील तर अभ्यास जबरदस्त लागतो. चेष्टा करत नाही, हिशेब सांगतो. प्रश्न २००, प्रत्येकाला पर्याय पाच, आणि चुकीच्या उत्तराला वजाबाकी नाही. डोळ्यांवर रुमाल बांधून दोनशे वेळा माऊस दाबला तरी सरासरीनं ४० मार्क पदरात पडतात. दोनशेच्या दोनशे चुकायची शक्यता किती? पृथ्वीवरच्या आठशे कोटी माणसांनी ही परीक्षा प्रत्येकी तीनशे कोटी वेळा दिली, तर त्यातल्या कुणाच्या तरी वाट्याला एकदा शून्य यावं, इतकी. हमखास शून्य हवं असेल तर प्रत्येक प्रश्नात निदान एक चुकीचा पर्याय खात्रीनं ओळखता यायला हवा. म्हणजे इंग्रजी आलं, गणित आलं, तर्क आला. पेपर कोरा ठेवूनही शून्य मिळतं म्हणा, पण तो रडीचा डाव.

आता शून्याची एवढी आरती कशाला? तर एमबीएच्या प्रवेशाच्या पात्रतेत ते बसलेलं आहे म्हणून. पदवीला ५० टक्के, आरक्षित प्रवर्गाला ४५, आणि सीईटीत शून्य नसलेले गुण. बस. पन्नास नकोत, दहा नकोत, शून्य तेवढं नको. हा नियम ज्यानं लिहिला त्याला शक्यताशास्त्र येत नसावं, किंवा मग फारच चांगलं येत असावं. माझी शंका दुसऱ्या बाजूला जाते.

तर मंडळी, एकाच हॉलमध्ये, एकाच संगणकावर, एकाच वेळी दोन परीक्षा चालतात. पहिली मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेची. तिथे जागा १२०, आणि खुल्या प्रवर्गातून दारात उभं राहायचं तर पर्सेंटाइल ९९.९ च्या वर हवा. परीक्षेला नावं नोंदवणारे लाखाच्या वर, त्यामुळे हजारात पहिला आलात तरी चर्चगेटला उतरल्यावर पोटात गोळा आहेच. दुसरी परीक्षा शून्य न मिळवण्याची. ती आपल्या खानदेशातल्या पोरांपैकी बहुतेक जण देतात आणि झाडून सगळे पास होतात. गंमत अशी की क्लासवाले दोन्ही परीक्षांना एकच स्ट्रॅटेजी विकतात, एकाच फीमध्ये.

जळगावात गणेश कॉलनीकडे किंवा धुळ्यात देवपुरात मार्च-एप्रिलमध्ये एक चक्कर मारा. २०२३ ला ही परीक्षा मार्चअखेर झाली, २०२४ ला मार्चच्या सुरुवातीला, २०२५ ला एप्रिलच्या पहिल्या तीन दिवसांत. म्हणजे या तिन्ही वर्षी ती उन्हाच्या तोंडावरच आली. फ्लेक्सवर टाय लावलेला हसरा मुलगा, खाली ‘मिशन ९९+’. त्या मुलानं टाय कुठून आणला हा प्रश्न आमच्या हवेत लॉजिकल रिझनिंगमध्ये विचारायला हवा. आत गेलं की सर फळ्यावर एक मोठा आकडा लिहितात: ४५. दीडशे मिनिटं भागिले दोनशे प्रश्न, प्रश्नामागे ४५ सेकंद. खानदेशात एवढ्या वेळात कुणी ‘या, बसा’ एवढंही म्हणून पूर्ण करत नाही.

तरी हा ४५ चा आकडा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तो अर्धा खोटा आहे. दोनशेत तर्काचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. आकृत्यांचा प्रश्न दिसला तर दहा-पंधरा सेकंदांत दिसतो, नाही तर दहा-पंधरा मिनिटांतही दिसत नाही. तिथे टक लावून बसणं म्हणजे भिंतीवरच्या ओलीत देव शोधणं. समानार्थी शब्द येत असेल तर पाच सेकंद, येत नसेल तर आयुष्य. उलट गोल टेबलाभोवती बसलेल्या आठ माणसांचं कोडं वाचायलाच पाऊण मिनिट जातं. पण त्या एका कोड्यावर पाच प्रश्न लटकलेले असतात, म्हणजे त्या आठ जणांना बसवायला पावणेचार मिनिटं आहेत. तेवढ्यात बसले तर ठीक. नाही बसले तर त्यांना उभंच ठेवून पुढे जायचं. आमच्याकडचे भिडस्त विद्यार्थी इथे मार खातात. पाहुणे उभे आहेत आणि आपण पुढे कसं जायचं, या संकोचात बारा मिनिटं जातात. शिवाय आपल्याकडे पंगत ओळीनं बसते. केंद्राकडे तोंड करून गोल बसलेली माणसं गावात एकाच प्रसंगी दिसतात, आणि तिथे कोण कुणाच्या डावीकडे आहे यापेक्षा हुकुमाची राणी कुणाकडे आहे हे महत्त्वाचं असतं.

शहाण्या सरांची स्ट्रॅटेजी आमच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. ती कापसाची वेचणी आहे. पहिल्या वेचणीत फुललेली बोंडं तेवढी घ्यायची, अर्धवट उघडलेल्यावर नखं मोडायची नाहीत. दुसऱ्या फेरीत राहिलेली. शेवटच्या पाच-सात मिनिटांत फरदड: जे उरलंय त्या प्रत्येकावर काहीतरी ठोकायचं, एकही मोकळं सोडायचं नाही. कृषी खातं वर्षानुवर्षं सांगतं की फरदड घेऊ नका, गुलाबी बोंडअळी पोसली जाते. सीईटीच्या शेतात अळीच नाही, त्यामुळे फरदड घेणं हे कर्तव्यच. दोनशेपैकी चाळीस प्रश्न असे उरले आणि चाळीसही आंधळेपणानं ठोकले, तर सरासरीनं आठ बरोबर येतात. कुणाला पाच, कुणाला अकरा. चाळीसच्या चाळीस चुकणारा साडेसात हजारांत एखादाच, आणि त्यानं लॉटरीच्या दुकानाकडे फिरकू नये. पाचातले दोन पर्याय ‘हे तर नक्कीच नाही’ म्हणून उडवता आले तर उरलेल्या तिनात तुक्का मारायचा, चाळिसाला तेरा. आठ-तेरा मार्कांनी पर्सेंटाइल कुठल्या कुठे जातो. एवढं खरं आहे, आणि एवढं सांगायला एक रुपयाही फी लागू नये.

मग फी कशाची? तर ‘सी’ ची. प्रत्येक बॅचमध्ये एक सर असतात ज्यांचा ‘सी’ वर विश्वास आहे. तुक्का मारायचाच तर सगळीकडे ‘सी’ मारा, मध्येमध्ये बदलू नका. का? तर ‘अनुभव आहे’. हिशेब असा की उत्तरं विखुरलेली असतील तर सगळीकडे ‘सी’ मारा, अडम-तडम करून मारा किंवा बहिणीचा वाढदिवस आठवून मारा, सरासरी तीच. ‘सी’ चा फायदा एवढाच की विचार वाचतो. दुसरे सर म्हणतात, दोन प्रश्नांत सारखं उत्तर येऊन गेलं की तिसऱ्यात ते येत नाही. संगणकाला ही लाज ठाऊक नसते. तिसरे सर काहीच सांगत नाहीत, फक्त मॉक घेतात आणि चुका दाखवतात. त्यांचा क्लास दुसऱ्या वर्षी दिसत नाही.

याच मुलांतली काही हुशार नोव्हेंबरमध्ये कॅट देऊन आलेली असतात, आणि खरी पंचाईत त्यांची. कॅटचा धर्म वेगळा. २०२४ ला तिथे ६८ प्रश्न होते, १२० मिनिटं, तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटांचं कुंपण. बरोबर उत्तराला तीन, चुकीला उणे एक. तिथे महिनोन्‌महिने ‘सोडायला शीक’ असं घोकून घेतात. (मौजेची गोष्ट म्हणजे चार पर्यायांत आंधळा तुक्का मारला तर कॅटमध्येही सरासरी तोटा शून्य पडतो, आणि एक पर्याय उडवता आला तर थोडा फायदाच. पण हे क्लासात सांगत नाहीत. भीती हा अभ्यासक्रमाचा भाग असतो.) मग हा कॅटचा तपस्वी सीईटीच्या हॉलमध्ये येतो आणि पस्तीस प्रश्न रिकामे ठेवून उठतो. कारण काय, तर ‘मला खात्री नव्हती’. शेजारी बसलेला, ज्याला एकाही उत्तराची खात्री नव्हती, तो दोनशेच्या दोनशे ठोकून बाहेर येऊन उसाचा रस पीत असतो. पस्तीस जागी स्वाभिमान ठेवला, म्हणजे सात मार्क ठेवले. या परीक्षेत प्रामाणिकपणाला निगेटिव्ह मार्किंग आहे.

आणि भावी मॅनेजरला हे शिकवणं एका अर्थी योग्यच म्हणायचं. माहीत नसेल तरी उत्तर द्या, ठासून द्या, वेळेत द्या. चुकलं तर तुमचं काही जात नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या मीटिंगा याच नियमावर चालतात. निगेटिव्ह मार्किंग असतं ते रावेर-यावलच्या केळीवाल्याला. त्यानं भावाचा तुक्का मारला आणि चुकला, तर घड बागेतच पिकतो आणि बँक येते. त्याला पाच पर्यायही नसतात. व्यापारी सांगेल तो ‘ए’, आणि बाग उपटणं हा ‘बी’.

इंग्रजीचा मुद्दा मात्र कुणी बोलत नाही. पेपर फक्त इंग्रजीत. घरी अहिराणी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजीची गाइडं. धुळे तालुक्यातला जो मुलगा बाजार समितीत उभ्या उभ्या क्विंटलचा भाव, हमाली, तोलाई आणि आडत तोंडी मांडतो, तो ‘टक्केवारी’ च्या प्रश्नात अडतो कुठे, तर पहिल्या ओळीतल्या इंग्रजी क्रियापदाशी. गणिताचे ५० आणि तर्काचे ७५ हेसुद्धा त्याच्यासाठी इंग्रजीचेच पेपर. त्याला लागणारी स्ट्रॅटेजी रोज एक इंग्रजी उतारा घड्याळ लावून वाचण्याची आहे, वर्षभर. ती फ्लेक्सवर लिहिता येत नाही, कारण टाय लावलेल्या मुलाशेजारी ती शोभत नाही.

बरं, सगळं करून आपल्या पोरानं शून्याहून अधिक मिळवले. मग काय? मग फोन येतात. निकाल लागण्याआधीपासूनच येतात. कॉलेजातले प्राध्यापक, ज्यांनी वर्षभर मार्केटिंग शिकवलं, ते उन्हाळ्यात त्याचं प्रात्यक्षिक करतात: ‘सर बोलतोय, फॉर्म भरला का? आपल्याकडे हॉस्टेल आहे, बस आहे, प्लेसमेंट आहे.’ एमबीएला मागणी आणि पुरवठा हे प्रकरण पुस्तकातून शिकवायची तशी गरजच नाही. जागा जास्त, गिऱ्हाईक कमी, आणि दुकानदार स्वतः रस्त्यावर उभा. आणि परीक्षा तरीही ‘स्पर्धा’ परीक्षा. स्पर्धा आहेच, पण कॉलेजांची.

२०२४ मध्ये हा खेळ एक पायरी खाली आला. एआयसीटीईनं बीबीए, बीसीए आपल्या छत्राखाली घेतले, आणि राज्यानं बारावीच्या पोरांसाठीही सीईटी लावली. आदल्या वर्षापर्यंत मार्कशीट घेऊन कॉलेजात जायचं, लाईनीत उभं राहायचं, दुपारपर्यंत बीबीए. आता परीक्षा. मे महिन्यात ती झाली, आणि राज्यभर जेवढ्या जागा त्याच्या निम्मीही पोरं बसली नाहीत. मग ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा घेतली. परीक्षेला एटीकेटी लागल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण. काही कॉलेजांनी तर अभ्यासक्रमाचं नावच बदललं, ‘बीकॉम’ च्या पुढे कंसात मॅनेजमेंट लिहिलं आणि सीईटीच्या बांधावरून उडी मारली. व्यवस्थापनातला इतका चोख धडा विद्यार्थ्यांना तीन वर्षांत मिळत नाही, तो इथे प्रवेशाच्या आधीच मिळाला.

खानदेशाला व्यवस्थापन नवं आहे असं कुणी समजू नये. १९४५ साली अमळनेरला महम्मद हशम प्रेमजींनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. पुढे तिचं नाव विप्रो झालं. १९६५ साली मुंबईत जमनालाल बजाज संस्था सुरू झाली ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या मदतीनं, आणि १९६६ साली त्याच स्टॅनफर्डमध्ये शिकत असलेला एकवीस वर्षांचा अझीम प्रेमजी वडील गेले म्हणून इंजिनिअरिंग अर्ध्यावर टाकून हा कारखाना सांभाळायला परत आला. म्हणजे स्टॅनफर्डहून एक वाट चर्चगेटला आली आणि दुसरी अमळनेरला. चर्चगेटच्या वाटेला ९९.९ लागतो. अमळनेरच्या वाटेला तेव्हा काही लागत नव्हतं. त्या गावात ज्यांनी कंपनीचे शेअर घेतले आणि ट्रंकेत टाकून विसरले, त्यांच्यापैकी कित्येक पुढे करोडपती झाले. स्ट्रॅटेजी एका ओळीची: एकच प्रश्न सोडवला, उत्तर बदललं नाही. त्यांच्यातल्या कुणी मॉक टेस्ट दिली नव्हती. ‘दीर्घकालीन गुंतवणूक’ हा शब्द त्यांनी नंतर, पत्रकार आले तेव्हा, पहिल्यांदा ऐकला असेल.

जळगावचे भवरलाल जैन तर आमच्या क्लासवाल्यांना फ्लेक्सवर लावताच येणार नाहीत. वाकोदचा मुलगा, बीकॉम, एलएलबी. राज्याच्या स्पर्धा परीक्षेतून सरकारी अधिकारी होण्याची संधी हातात आली, तर आईच्या सल्ल्यानं ती सोडली आणि घरातले सात हजार रुपये घेऊन रॉकेल विकायला सुरुवात केली. आज असं केलं तर आई आधी देवऋषी बोलावेल. त्यातून पुढे जगभर जाणारं ठिबक झालं, हे सगळ्यांना माहीत आहे; त्यावर एमबीएच्या वर्गात प्रेझेंटेशनं होतात. म्हणजे शिरसोलीचा पोरगा पुण्याला खोली घेऊन, मेस लावून, घरापासून दहा-पंधरा किलोमीटरवरच्या कारखान्याची गोष्ट इंग्रजीत शिकतो, आणि दिवाळीला ट्रॅव्हल्सनं घरी येताना त्याच कारखान्यावरून जातो. झोपलेला असतो.

यातून एमबीए करू नका असं मी म्हणतोय असा अर्थ काढणाऱ्यांना व्हर्बलमध्ये पाच मार्क कमी. अवश्य करा. फक्त आपण दोनपैकी कुठली परीक्षा देतोय ते क्लासची फी भरण्याआधी घरात बसून ठरवा. पहिली असेल तर वर्षभर घासा, मॉक द्या, इंग्रजी वाचा, आणि खानदेशाबाहेर जायची तयारी ठेवा. दुसरी असेल तर अर्जाची फी भरा, वेळेवर जा, हॉल तिकीट विसरू नका, दोनशे ठोका आणि घरी येऊन भरीत खा. दुसरी देणाऱ्याकडून पहिलीचे पैसे घेणं याला बाजारात एक जुना शब्द आहे, पण हे सदर घरात मोठ्यानं वाचतात.

खरी कसोटी निकालानंतरच लागते आणि तिचा क्लास कुणी काढलेला नाही. ती आहे कागदपत्रांची आणि ऑप्शन फॉर्मची. सीईटीत प्रश्नाला ४५ सेकंद. नॉन-क्रिमिलेयरच्या दाखल्याला सेतू केंद्रात ४५ दिवस पुरले तर नवस फेडावा. मुदतीचा दाखला नसला, जात वैधतेचा कागद समितीत अडकला, की पोरगा आरक्षित प्रवर्गातून उचलून खुल्यात. तिथे तुक्का चालत नाही आणि ‘सी’ ही चालत नाही. पर्सेंटाइल ९४ असो की ९७, एका शिक्क्यानं तो तालुका पातळीवर येतो. शहाण्या आईबापांनी अभ्यासाच्या टेबलाआधी दाखल्यांची फाइल लावावी, आणि ती आदल्या डिसेंबरात लावावी.

मग ऑप्शन फॉर्म. कॉलेजांची यादी, पसंतीचा क्रम. तो बहुतेक घरांत नेटकॅफेवाला भरतो, मुलगा शेजारी उभा आणि वडील मोटरसायकल चालू ठेवून बाहेर. ‘पहिलं कुठलं टाकू?’ ‘टाका ना तुम्हीच, जवळचं.’ इथला नियम कुणी फळ्यावर लिहून ठेवत नाही: पहिल्या पसंतीचं कॉलेज पहिल्याच फेरीत मिळालं की जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्यांतून नाव गळतं. पुण्यातलं बरं कॉलेज मिळण्याजोगे मार्क असलेला पोरगा घराजवळच्या कॉलेजात अडकतो, कारण कॅफेवाल्याला पहिल्या रकान्यात ते नाव सुचलं. दोनशे प्रश्नांत एकाही चुकीला दंड नव्हता, तो सगळा इथे एका क्लिकवर वसूल. जळगावच्या हवेत आपोआप गोठणारी ही एवढीच वस्तू.